शेवटचं बोलणं त्यांना ऐकू आलं असेल का?

“डॉक्टर, एक विचारू? शेवटी मी यांच्याशी खूप बोलत होते. ते यांना ऐकू आलं असेल का हो?”

रक्तदाबाच्या तपासणीला आलेल्या एका आजींनी उठता उठता हे विचारलं. यजमान जाऊन चार महिने झाले होते. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, तरी रक्तदाब चढलेला आणि झोप उडालेली. कारण तपासणीत नाही, या प्रश्नात होतं.

हाच प्रश्न मी गेली सहा वर्षं स्वतःला विचारतोय. फरक इतकाच, की आजी बोलल्या होत्या. मी बोललो नव्हतो.

माझे बाबा आयसीयूत होते. डॉक्टर असल्यामुळे मला शेवटपर्यंत आत थांबू दिलं. मी त्यांच्या पलंगाशी उभा होतो, पण बघत होतो मॉनिटरकडे. ऑक्सिजन किती, नाडी किती, औषधाचा डोस वाढवायचा का. रेघ सपाट झाली तेव्हा मी सवयीने घड्याळ पाहिलं. बाहेर बाकावर आई बसली होती. तिने एवढंच विचारलं, “तू काही बोललास का त्यांच्याशी?”

विज्ञान काय सांगतं?

मृत्यू म्हणजे बटण बंद केल्यासारखा एक क्षण, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती एक प्रक्रिया असते. हृदय थांबलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूच्या पेशींना इजा व्हायला त्यानंतर काही मिनिटं लागतात. म्हणूनच त्या मिनिटांत छाती दाबून (सीपीआर) काही जणांना परत आणता येतं.

परत आलेल्यांपैकी काही जण विलक्षण अनुभव सांगतात. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांचा अभ्यास 2001 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या 62 जणांनी, म्हणजे साधारण 18 टक्क्यांनी, प्रकाश, शांतता, गेलेल्या माणसांची भेट असं काहीतरी सांगितलं. उरलेल्यांना काहीच आठवत नव्हतं. 2023 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात, व्हेंटिलेटर काढल्यावर चारपैकी दोन रुग्णांच्या मेंदूत गॅमा लहरी अचानक वाढलेल्या दिसल्या. या लहरींचा जागृत अवस्थेतल्या विचारांशी संबंध असतो. पण ते रुग्ण परत आले नाहीत, त्यामुळे त्यांना काय जाणवलं हे विचारता आलं नाही.

आणि ऐकण्याचं? कॅनडातल्या संशोधकांनी 2020 मध्ये शेवटच्या तासांतल्या, कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांना ठरावीक स्वर ऐकवले. त्यांच्यापैकी काहींचा मेंदू निरोगी माणसासारखाच त्या स्वरांची नोंद घेत होता. शब्दांचा अर्थ कळतो हे यातून सिद्ध होत नाही. पण कान आणि मेंदूची वाट लगेच बंद होत नाही, एवढं म्हणता येतं.

मी आजींना हेच सांगितलं. “खात्री देता येत नाही आजी, पण ऐकू आलं असण्याची शक्यता चांगली आहे.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि परत खुर्चीवर बसल्या.

अध्यात्म काय सांगतं?

कठोपनिषदात नचिकेता थेट यमालाच विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम त्याला संपत्ती, दीर्घायुष्य, हवं ते मागायला सांगतो, पण हा प्रश्न सोड म्हणतो. म्हणजे प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता! गीता आत्मा अविनाशी मानते, तर आपल्याच मातीतले चार्वाक देहाबरोबर सगळं संपतं म्हणतात. मेंदूतल्या पेशींच्या हालचालींतून ‘मी’ची जाणीव कशी उमटते, हे आजच्या विज्ञानालाही पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून कुणाच्या श्रद्धेला हसायचं कारण नाही आणि श्रद्धेला विज्ञानाचा शिक्का मारायचीही गरज नाही.

बाबांच्या दहाव्याला आम्ही नदीकाठी पिंड ठेवून बसलो होतो. कावळा शिवेना. काका म्हणाले, “मनात काही राहिलं असेल तर बोल.” माझा यावर विश्वास नव्हता. पण तोंड उघडलं आणि निघालं, “बाबा, त्या रात्री मी तुमच्याशी बोललो नाही. मला भीती वाटत होती.” मी हुंदके देऊन रडलो, दहा दिवसांत पहिल्यांदा. कावळा आला तो बऱ्याच वेळाने, आम्ही बाजूला सरकल्यावर. कावळे तसेच येतात. पण राहिलेलं बोलायला दिलेली ती जागा किती शहाणपणाची आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दुःख म्हणजे आजार नव्हे, पण…

दुःखाच्या पाच पायऱ्या तुम्ही वाचल्या असतील. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हे. दुःख पायरी पायरीने उतरत नाही. ते लाटेसारखं येतं आणि जातं. सकाळी रडून संध्याकाळी नातवाबरोबर हसलात, तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. गेलेल्या माणसाशी मनात बोलणं हेही वेड नव्हे.

मात्र शरीराकडे लक्ष हवं. तीव्र दुःखाने झोप, भूक, रक्तदाब बिघडतो. क्वचित हृदयाचा स्नायू तात्पुरता कमजोर होतो, त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर ‘दुःखामुळे असेल’ म्हणून घरी थांबू नका. सहा महिने उलटूनही रोजचं जगणं ठप्प असेल, तर ‘दीर्घकालीन शोक’ ही आता वैद्यकशास्त्राने मान्य केलेली अवस्था असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. जगू नये असे विचार येत असतील, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला सांगा.

आता माझा एखादा रुग्ण शेवटच्या टप्प्यात असला की मी नातेवाइकांना मॉनिटरकडे पाठ करून बसायला सांगतो. हात हातात घ्या. नाव घेऊन हाक मारा. माफी मागायची असेल तर मागा, आभार मानायचे असतील तर माना. घरचं सगळं ठीक आहे, आईला आम्ही सांभाळू, असं सांगा.

ते त्यांना ऐकू येईल की नाही, हे सांगता येत नाही. पण तुम्ही बोललात हे तुम्हाला मात्र आयुष्यभर आठवेल.