नागोयातला एक शिक्का

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा नागोयाला आली. अलिबागहून मुंबई, तिथून विमान, आणि त्याआधी दोन महिने कागदपत्रं. आमच्या ह्यांच्या पगाराचा दाखला, नात्याचा पुरावा, कुठल्या दिवशी कुठे जाणार त्याचं वेळापत्रक. आई वैतागून फोनवर म्हणाली होती, "अगं, लेकीकडे यायला एवढं? एक शिक्काच मारायचाय ना त्यांना?"

आई आली तेव्हा चेरीचा बहर ओसरला होता, पण थंडी अजून रेंगाळत होती. किल्ला झाला, त्यावरचे सोन्याचे मासे झाले, आत्सुता देवळातली झाडं झाली. नागोयाकरांच्या 'मॉर्निंग'ला पण नेलं. सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं त्याच पैशात येतं. आईने अंडं बाजूला सारलं, टोस्ट खाल्ला आणि बिल दोनदा तपासलं.

मग एका रविवारी लेक म्हणाली, "आजीला सुगिहारांकडे नेऊया." लेक इथल्याच शाळेत जाते. चिउने सुगिहारा तिला शाळेत भेटले, आम्हाला तिच्यामुळे.

साकुरादोरी लाइनवर मिझुहो कुयाकुशो स्टेशनला उतरलं की जवळच झुईर्यो हायस्कूल आहे. सुगिहारा 1900 साली शेजारच्या गिफू प्रांतात जन्मले, पण शिकले नागोयात. 1917 साली ते ज्या सरकारी माध्यमिक शाळेतून बाहेर पडले, तिची आजची वारसदार ही शाळा. तिच्या आवारात 2018 साली त्यांचं स्मारक झालं. लांबून बघितलं तर मोठं काही वाटत नाही. शाळेचं आवार, सायकली आणि मधेच ब्राँझची माणसं.

लेकीने आजीला मराठी-जपानी खिचडीत सगळं सांगितलं. 1940 साली सुगिहारा लिथुआनियातल्या कौनास गावी जपानचे वाणिज्यदूत होते. जुलैमधल्या एका सकाळी उठून बघतात तर कचेरीच्या कुंपणाबाहेर माणसंच माणसं. पोलंडमधून जीव मुठीत धरून पळालेले ज्यू. पश्चिमेला हिटलर, म्हणून पूर्वेकडून, रशिया आणि जपानमार्गे निसटायचं होतं. त्यासाठी जपानमधून पुढे जाण्याचा व्हिसा हवा. सुगिहारांनी तोक्योला विचारलं. उत्तर आलं, पुढच्या देशाचा परवाना आणि पुरेसे पैसे नसतील तर देऊ नका. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. तरी त्यांनी व्हिसे दिले. कचेरी बंद करून जाईपर्यंत महिनाभर ते हाताने लिहीत होते. त्यांच्या यादीत 2,139 नावं आहेत, आणि एकेका व्हिसावर कित्येकदा अख्खं कुटुंब सुटलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे शिक्काच होता की गं."

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. व्हिसा घेतलेली माणसं सैबेरियातून रेल्वेने व्लादिवोस्तोकला आणि तिथून बोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरली. थकलेली, खिसे रिकामे. मुक्कामाची परवानगी थोड्याच दिवसांची. ती कोबेला पोचली तेव्हा त्यांना कोणी सांभाळलं? कोबेतल्या मूठभर ज्यू कुटुंबांनी. बहुतेक व्यापारी, काही रशियातून आलेली, काही मूळची बगदादकडची. स्वतःच परदेशात पाहुणी असलेली. पण त्यांनी एक समिती केली, घरं भाड्याने घेतली, जेवणाची सोय केली, परदेशातल्या ज्यू संस्थांना तारा करून पैसे मागवले. सेत्सुझो कोत्सुजी नावाचे हिब्रूचे जपानी अभ्यासक होते. त्यांनी अधिकाऱ्यांकडे खेटे घालून मुक्कामाची मुदत वाढवून घेतली. जे 1941 च्या शरदापर्यंत पुढे जाऊ शकले नाहीत, त्यांना शांघायला पाठवलं गेलं.

मंडळी, ही कुटुंबं मला फार जवळची वाटतात. सुगिहारा होणं सगळ्यांना जमणार नाही. पण परक्या देशात आपलं बस्तान नुकतं बसलेलं असताना दारात आलेल्या माणसासाठी जागा करणं, हे तुमच्या-माझ्या आवाक्यातलं आहे.

येताना गाडीत आईने अलिबागची गोष्ट काढली. आमच्या शेजारी एक बेने इस्राएल मावशी राहायच्या. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज उतरले म्हणून सांगणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे हे लोक. आडनावं पेणकर, केहीमकर, बोली आपलीच. आई म्हणाली, "मावशींचा भाऊ इस्राएलला गेला, आणि तिथे त्यालाच विचारलं, तू खरा ज्यू कशावरून?"

हे खरं आहे. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने फतवा काढला की बेने इस्राएल लग्नाला उभे राहिले तर त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. इतरांना हा नियम नव्हता. आपली माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी निदर्शनं केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, बाकीच्या ज्यूंपैकीही बरेच जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत, आणि फतव्यातून त्यांचं नाव गेलं. वर्णभेदाविरुद्धचा हा लढा कोकणातून गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या माणसांनी लढवला. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र तो मी कधी वाचला नाही.

मुंबईतही तेच. 1934 साली तिथे 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' निघाली. जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेले डॉक्टर, चित्रकार, कारागीर सरकारवर बोजा होणार नाहीत अशी हमी ही संस्था घ्यायची. हमी मिळाली की बोटीवरून उतरता यायचं. आणि आणखी अलीकडे, 2018 साली इस्राएल सरकारने एरिट्रिया आणि सुदानमधून आलेल्या आश्रितांना आफ्रिकेत परत पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिथलेच रब्बी, वैमानिक आणि छळछावण्यांतून वाचलेले म्हातारे विरोधात उभे राहिले. त्या वर्षी ती योजना सरकारला सोडावी लागली.

आता अवघड भाग. तो टाळला तर हा लेख नुसता सहलीचा होईल.

नागोयाच्या बंदराकडे, आओनामी लाइनवर, इमिग्रेशनचं कार्यालय आहे. आपल्यापैकी इथे राहणाऱ्या प्रत्येकाने तिथे नंबर घेतलेला आहे. मी लेकीला कडेवर घेऊन तिथे बसले आहे, तिला बिस्किटं चारत, नवं कार्ड कधी मिळतंय याची वाट बघत. लोकांना कोंडून ठेवण्याची जागाही त्याच कार्यालयात आहे, हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं.

6 मार्च 2021 ला तिथे विश्मा संदामाली वारली. श्रीलंकेची मुलगी, वय 33. इथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं स्वप्न घेऊन 2017 साली विद्यार्थिनी म्हणून आली. पुढे मुदत संपली. ऑगस्ट 2020 मध्ये, बरोबर राहणारा माणूस मारहाण करतो म्हणून ती पोलिसांकडे गेली आणि मुदत संपल्यामुळे स्वतःच कोठडीत पोचली. तिथे ती खंगत गेली, वजन सुमारे वीस किलोंनी उतरलं, दवाखान्यात न्या म्हणून विनवत राहिली. तिच्या बहिणी श्रीलंकेहून आल्या, कोर्टात गेल्या. रस्त्यावर जपानी विद्यार्थी, गृहिणी, वकील उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारला निर्वासितांचे नियम कडक करणारं विधेयक मागे घ्यावं लागलं. मात्र 2023 साली ते थोड्या फरकाने मंजूर झालं. आता तिसऱ्यांदा किंवा त्याहून जास्त वेळा आश्रय मागणाऱ्याला, अर्ज चालू असतानाही, परत पाठवता येतं. त्याच 2023 मध्ये 13,823 जणांनी इथे आश्रय मागितला, आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळाली 303 जणांना.

लेकीने त्या रात्री विचारलं, "आई, सुगिहारा इथलेच ना? मग असं कसं?"

मी म्हटलं, "इथले होते म्हणून त्यांचं सगळं नीट झालं असं नाही. 1947 साली त्यांनाही परराष्ट्र खात्यातून बाहेर पडावं लागलं. इस्राएलने 1985 साली त्यांचा सन्मान केला, 1986 मध्ये ते गेले, आणि त्यांच्याच सरकारने त्यांना जाहीर मान दिला तो 2000 साली." ती म्हणाली, "म्हणजे लोकांना कळायला वेळ लागतो." नऊ वर्षांच्या पोरीपुढे मी आणखी काय बोलणार?

आपण इथे कंपनीच्या पत्रावर आलो. आपले कागद पक्के. गणपतीला शंभर माणसं जमवतो, मोदकांच्या पिठाची पिशवी कोण आणणार यावर तासभर चर्चा करतो, पण आपल्याच भागातून आलेली, कागद संपलेली पोर त्याच इमारतीत विनवत असते हे आपल्या कानावर येत नाही. मी कुणाला दोष देत नाही, मी पण त्यातलीच. पण कोबेतली ती मूठभर कुटुंबंही मंडळच होती. त्यांच्याकडेही सण होते, मुलांच्या शाळा होत्या, धंद्याच्या काळज्या होत्या.

आई परत जायच्या आधी आम्ही दोघी एक काम करून आलो. परदेशी लोकांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या इथल्या एका छोट्या जपानी गटाला भेटलो. त्यांना हिंदी, नेपाळी, बंगाली समजणारी माणसं हवी होती. माझं हिंदी मुंबईचं, पण चालतंय म्हणाले. आता महिन्यातून एक शनिवार मी तिथे असते. बहुतेक वेळा नुसते फॉर्म भरायचे असतात, एखाद्याला डॉक्टरकडे सोबत करायची असते. आणखी दोन-तीन मराठी माणसं मिळाली तर बरं होईल.

नागोयाला आलात तर किल्ला बघाच, मॉर्निंग खाच. पण मिझुहोला पण उतरा. वेळ असेल तर गिफूतल्या याओत्सुपर्यंत जा, तिथे 2000 सालापासून सुगिहारांचं स्मृतिभवन आहे.

आई अलिबागला पोचली आणि फोनवर पहिलं वाक्य हे, "पासपोर्टवर बाहेर जाताना शिक्का मारला गं त्यांनी. मी त्या मुलाला थँक्यू म्हटलं. तो बिचारा बघतच राहिला."