गंधक, नत्र आणि ‘औषध’

आमच्या उमरखेड तालुक्यात ‘औषध’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते परस्परांचे वैरी आहेत. आजाऱ्याला देतात ते औषध, पऱ्हाटीवर मारतात तेही औषध. ‘त्याने औषध घेतले’ हे वाक्य दवाखान्यात ऐकले तर हायसे वाटावे. शेजारच्या घरातून ऐकू आले तर धावत सुटावे. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून आम्ही हा शब्द वर्गात देतो. मुले बहुतेक शेतकऱ्यांची. स्पष्टीकरण लागत नाही.

अमंगळ शब्द टाळण्याची मराठीची सवय जुनीच आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. त्या आडपडद्यामागे भय असते. ‘औषधा’मागे मात्र विश्वास आहे, आणि तोच आम्हाला अधिक बोचतो.

आडपडदा रसायनांतही असतो. कार्बोफ्युरान हे अतिशय जहाल कीटकनाशक. त्याच्या नत्राला गंधकाच्या द्वारे आणखी एक गट जोडला की कार्बोसल्फान तयार होते. उंदरांवरील चाचण्यांत त्याची विषारीता कित्येक पटींनी कमी भरते. परंतु गंधक-नत्राचा हा बंध मुळात नाजूक आहे. आम्ल लागले की तुटतो. किडीच्या शरीरातही तो तुटतो आणि आतले कार्बोफ्युरान मोकळे होते. योजनाच तशी आहे. विष तेच, फक्त वाटेत सौम्य नावाने वावरते.

डायफेन्थियुरॉन याचा दूरचा नातलग. त्याच्यातही गंधक आणि नत्र आहेत, मात्र दोहोंच्या मध्ये कार्बन बसलेला. सूर्यप्रकाशात किंवा किडीच्या शरीरात गंधक निघून जातो, उरलेला रेणू पेशींची ऊर्जानिर्मिती रोखतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसे दगावली, तेव्हा चर्चेत आलेल्या रसायनांत हेही होते. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वरून अंगावरच येई.

इथे शब्दाचा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. मोनोक्रोटोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषावर अॅट्रोपिन हा उतारा चालतो. कार्बोसल्फानच्या बाधेतही तो देतात. डायफेन्थियुरॉनवर खास उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणजे डॉक्टरांना नाव हवे. आणि मजुराला विचारावे तर तो काय सांगणार? मालकाने बादलीत दोन-तीन बाटल्या एकत्र केल्या, त्याने पंप पाठीवर घेतला. ‘औषध मारत होतो’ एवढेच त्याला ठाऊक. बाटलीवर त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा त्याचा उतरता क्रम. पण बादलीवर त्रिकोण नसतो.

कायदा ‘कीटकनाशके’ म्हणतो, १९६८पासून. दुकानाची पाटी बियाणे, खते, औषधे अशीच. ती बदलण्याचा आमचा अधिकार नाही आणि बोलीतला शब्द खोडण्याचा हट्टही नाही. आम्ही अलीकडे एवढेच करतो: शब्दार्थाच्या तासाला ही नावे देवनागरीत फळ्यावर लिहून मोठ्याने वाचून घेतो. डायफेन्थियुरॉन म्हणताना आमचीच जीभ अडखळते. मुलांची अडखळत नाही.