सॉफ्टवेअरमधले पोटकंत्राटदार

रस्त्याचं टेंडर एकाच्या नावावर निघतं, खडी दुसरा टाकतो, डांबर तिसऱ्याचं, आणि रोलरवरचा माणूस कुणाचा हे इंजिनिअरलाही सांगता येत नाही. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या केल्यात, ही साखळी तोंडपाठ आहे. सॉफ्टवेअरचंही असंच असतं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

कुठलंही सॉफ्टवेअर आज पहिल्या ओळीपासून कुणी लिहीत नाही. फाईल दाबून लहान करणं, पासवर्ड तपासणं, अशा कामांसाठी दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे घेतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. तोच प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवायचा तर प्रत्येक ठिकाणी हे तुकडे त्या त्या पद्धतीने जोडावे लागतात. ही जोडणी म्हणजे बिल्ड. आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे स्वतःचे तुकडे लागतात. पोटकंत्राटदाराचा पोटकंत्राटदार!

मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या वादातून आपले तुकडे एनपीएम या भांडारातून काढून घेतले. त्यातला 'लेफ्ट-पॅड' अवघ्या 11 ओळींचा. मजकुराच्या डावीकडची रिकामी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. तरी जगभरातले बिल्ड धडाधड बंद पडले.

ते निदान उघड तरी होतं. पुढचं प्रकरण ऐका.

'एक्सझेड' ही फाईल लहान करणारी लायब्ररी. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ती असते. ती सांभाळत होता फिनलंडचा लासे कॉलिन, जवळजवळ एकट्याने, फावल्या वेळात, बिनपगारी. 2022 मध्ये त्याला मेल यायला लागले, काम हळू चाललंय, दुसऱ्याकडे द्या म्हणून. हा पगारी धंदा नाही आणि मनाचं आजारपणही मागे लागलंय, असं त्याने सांगितलं. 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी 2021 पासून मदत करतच होतं. आधी विश्वास मिळवला, मग अधिकार. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला.

लबाडी बघा. चोरीचा माल चाचणीच्या फाईल म्हणून सगळ्यांसमोर ठेवला, पण तो उघडणारी ओळ फक्त डाउनलोडच्या गठ्ठ्यात टाकली. बिल्ड होताना ती बघायची, लिनक्स आहे का, ठरावीक प्रोसेसर आहे का, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बनतंय का. असेल तरच काम चालू, नाहीतर गप्प. डिजिटल सही तपासून उपयोग नव्हता. सही करणाराच चोर होता.

निशाणा होता एसएसएच, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याचं दार. गंमत म्हणजे एसएसएच स्वतः एक्सझेड वापरतच नाही. काही लिनक्सवाल्यांनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिला एक्सझेड लागायची.

आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला, आणि 29 मार्च 2024 ला त्याने सगळं जाहीर केलं. बहुतेक सर्व्हरवर ती आवृत्ती पोचायच्या आधीच. एका माणसाच्या चिकाटीवर जग वाचलं, हे कौतुकाचं आहे तसंच काळजीचंही.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? सातबारा, रेशन, शिष्यवृत्ती, पीकविमा, सगळं आता सर्व्हरवर आहे. केंद्र सरकारनेच 2015 मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. चांगलंच केलं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्ट-इनने सॉफ्टवेअरमधल्या तुकड्यांची यादी कशी ठेवावी याच्या सूचनाही काढल्या.

यादीने चोर थांबत नाही, हे खरं. पण चोरी कळली की 'आपल्याकडे तो माल आहे का?' याचं उत्तर तासाभरात मिळतं. यादी नसेल तर आठवडे शोधत बसा, तोवर दार उघडंच.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये तुकड्यांची यादी सक्तीची करा. कोणती आवृत्ती वापरली ते लिहून घ्या, न विचारता बदलू देऊ नका. आणि कंत्राटातला थोडा पैसा ते तुकडे सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचवा. फुकट मिळतं म्हणून ते सांभाळायला काही लागत नाही, असं नसतं.

नगरपालिकेच्या पुढच्या सभेत रस्त्याच्या खडीबद्दल जरूर विचारा. सोबत सॉफ्टवेअरच्या खडीबद्दलही विचारा.