परवलीचा शब्द

चिखली तालुक्यातल्या आमच्या घरी जुना विकत घेतलेला संगणक आहे. दिवाळीनंतर एके दिवशी तो मला आत घेईना, ताईलाही घेईना. परवलीचा शब्द बरोबर, कॅप्स लॉक बंद, तरी उत्तर एकच : चूक. दुकानदार म्हणाला, सगळे पुसून नव्याने भरावे लागेल. आत आजीचे एकमेव छायाचित्र होते. आजी आता नाही.

शाळेत कधी न गेलेले बाबा म्हणाले, "तू काय लिहून राहिला, ते तुले तरी दिसते का?"

पडद्यावर नुसते ठिपके! शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली, तर ठिपक्यांमागे देवनागरी. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मराठीनेच दाराबाहेर ठेवावे! विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले गेले की कळफलकाची भाषा बदलते. ताईच्या लेकराचे हात तिथवर सहज पोचतात. मग इनस्क्रिप्टमध्ये 'के' दाबल्यास 'क' येतो खरा, पण 'एच'ला 'प' आणि 'एम'ला 'स'. भारतीय मानक ब्युरोच्या 1991 च्या प्रमाणातली ही मांडणी इंग्रजी उच्चाराकडे पाहतच नाही.

कोपऱ्यातली भाषा इंग्रजी केली. डोक्यावर पदर घेतलेली आजी पडद्यावर आली. बाबांनी खुर्ची ओढली.

"थांब, बंद नको करू."