झोपेचा साक्षीदार

रायपूरच्या मराठी घरांत भाषांची एक अलिखित वाटणी असते. देवघर, स्वयंपाक, सोयरसुतक आणि मुलांना रागावणे मराठीत. बाजार आणि कचेरी हिंदीत. कामाला येणाऱ्या बाईशी छत्तीसगढी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, अठराव्या शतकात, जी कुटुंबे इकडे उतरली आणि पुढे नोकऱ्यांमागून जी आली, त्या साऱ्यांनी ही वाटणी नकळत स्वीकारली. तात्यापारा हे वस्तीचे नाव घेतले तरी त्यातला 'तात्या' आणि 'पारा' वेगवेगळे ऐकू येतात. मात्र एक गोष्ट यांपैकी कोणत्याच भाषेच्या वाट्याला आली नव्हती: नवराबायकोने आपल्या शेजेविषयी एकमेकांशी बोलणे.

बोलणे नव्हते असे नाही. ते नवऱ्याशी नव्हते. जात्यावर बसलेली बाई मनातले जात्याला सांगे. दिवाळीच्या सुमारास आमच्या अंगणात सुवा नाचायला येणाऱ्या बायका टोपलीतल्या मातीच्या पोपटाभोवती टाळ्या वाजवीत फिरत आणि आपले दुखणे त्या पोपटापाशी उघडे करीत. ऐकणारा दगड चाले, पाखरू चाले. ज्याच्याविषयी बोलायचे तोच तेवढा नको.

आमचे लग्न १९७९ चे. हे स्वभावाने अतिशय संकोची. माझा हात हातात घेतानाही आधी दाराकडे पाहणारे. पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आले, की महिन्यातून एकदोनदा, झोप लागून तासाभराने, हे वेगळेच कोणी होतात. डोळे अर्धवट उघडे, स्पर्शात एक आंधळी घाई, हाक मारली तर ओ नाही. दूर सारले की कधी लगेच कुशीवर वळून घोरू लागत. कधी दोनतीनदा दूर सारावे लागे. सकाळी चहा घेताना चेहऱ्यावर त्याची कसलीही खूण नसे. नऊ वर्षे मी त्या चेहऱ्याकडे पाहत आले. यांना सारे आठवते आणि हे लपवतात, असे एखाद्या दिवशी वाटे. दुसऱ्या दिवशी वाटे, यांना खरेच ठाऊक नाही. मग रात्री माझ्याजवळ येतो तो कोण? पहिल्या शक्यतेचा राग येई. दुसरीची भीती वाटे, आणि ती अधिक टिके.

१९८८ च्या मे महिन्यात, रायपूर अजून मध्य प्रदेशात होते तेव्हा, गच्चीवर खाटा टाकून झोपायचे दिवस होते. त्या रात्री मी बोलले. बोलले ते हिंदीत. "आप नींद में मेरे पास आते हैं, और वह आप नहीं होते." मराठीत 'अहो' म्हटले असते, तर त्या एका शब्दाबरोबर सासूबाई, आई, साऱ्या आत्या-मावश्या ऐकायला येऊन बसल्या असत्या. हिंदीत आम्ही दोघेच होतो.

हे बराच वेळ गप्प राहिले. मग मराठीत विचारले, "लागलं का कधी तुला?"

"लागलं नाही. पण मग रात्रभर जागी राहते."

यांनी उठून आपली खाट गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. पाऊस सुरू होईपर्यंत ती तिथेच होती. पाऊस आल्यावर, खाली खोलीत यावे लागले तेव्हा, यांनी आपले सांगितले. किशोरवयात लागलेली एक सवय, एकट्याची; लग्नानंतरही अधूनमधून राहिलेली. शाळेच्या दिवसांत हाती आलेल्या एका ब्रह्मचर्याच्या पुस्तिकेत लिहिले होते, की अशा माणसाची बुद्धी शेवटी भ्रमते. माझे बोलणे ऐकून यांना वाटले होते, ती वेळ आली.

मामंजींच्या ट्रंकेत 'समाजस्वास्थ्य'चे काही जुने अंक होते. ते मी यांच्यापुढे ठेवले. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले हे मासिक त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक निनावी प्रश्न विचारीत आणि कर्वे कोरड्या, गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा भाषेत उत्तरे देत. हस्तमैथुनाने वेड लागत नाही, हे त्यांनी मराठीत स्वच्छ लिहिले. अशाच उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तरीही दंड झालाच. मामंजींनी ते अंक जपून ठेवले होते आणि मुलाला कधी दाखवले नव्हते. त्यांच्या पिढीला मी दोष देत नाही; पण चाळीस वर्षे औषध ट्रंकेत आणि रोगी शेजारच्या खोलीत, याचे मला आजही नवल वाटते.

त्या पावसाळ्यात मी एक विचार करीत असे. यांचे एक गुपित यांनाच ठाऊक होते आणि दुसरे मलाच. पहिले सांगायला स्वतःची लाज ओलांडावी लागते. दुसरे अवघड आहे, कारण आपल्या निद्रिस्त देहाविषयी माणूस स्वतः साक्ष देऊ शकत नाही. शेजारी निजलेल्याने सांगितले तर कळते, नाही तर आयुष्यभर कळत नाही. घोरणे, बरळणे, दात खाणे हे आपण थट्टेत सांगतो. याहून गंभीर ते पोटात ठेवतो, आणि ज्याची ती गोष्ट, तोच तिच्यापासून वंचित राहतो.

त्या काळी एका डॉक्टरांनी सारे हसण्यावारी नेले. २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या प्रकाराला 'सेक्ससोम्निया' असे नाव दिले. गाढ झोपेतून मेंदू अर्धाच जागा होतो, देह हालतो, स्मृती मात्र निजलेली राहते; झोपेत चालणे असते, त्याच कुळातले हे. जागरण, ताण, मद्य आणि झोपेत श्वास अडणे यांनी ते बळावते. नाव मिळाले म्हणून "मला आठवत नाही" म्हणणाऱ्या प्रत्येक नवऱ्यावर बायकोने विश्वास ठेवावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. ऐकल्यावर त्याने काय केले, ते पाहावे. यांनी खाट दूर नेली होती, हे माझ्या लेखी नावापेक्षा मोठे आहे.

पुढे, २०१२ साली, नागपूरला तपासणीत यांचा श्वास रात्री अनेकदा अडतो असे निघाले. तेव्हापासून नाकावर मुखवटा लावून, हवेचा दाब देणारे यंत्र उशाशी घेऊन हे निजतात. त्यानंतर तसे दोनदाच झाले, आणि दोन्ही वेळा मी सकाळीच सांगितले. यंत्राच्या घरघरीने आता माझीच झोप मोडते, तो भाग वेगळा. चहाच्या वेळी हे रोज विचारतात, "रात्री काय?" परवा मी सांगितले, दोनदा कूस बदललीत, आणि एकदा स्पष्ट म्हणालात, "नल बंद करो."

"हिंदीत?" यांनी विचारले.