जमिनीच्या पोटातलं गाव

मुलांनो, नकाशात ऑस्ट्रेलिया शोधा पाहू! दक्षिणेकडच्या अ‍ॅडलेड शहरापासून स्टुअर्ट महामार्गाने उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटर गेलं, की वाळवंटात कूबर पेडी हे छोटंसं गाव लागतं. पण घरं कुठं आहेत? बरीचशी जमिनीच्या पोटात! उन्हाळ्यात बाहेर पारा ४० अंशांच्या वर जातो. टेकड्या कोरून केलेल्या घरांत मात्र छान गारवा. जाड दगडातून ऊन आत पोचतच नाही. चर्चसुद्धा जमिनीखाली आहे, बरं का!

१९१५ साली वडिलांबरोबर सोनं शोधायला आलेला १४ वर्षांचा विली हचिसन इथं पाण्यासाठी हिंडत होता. त्याला सापडला ओपल, इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवणारा मौल्यवान दगड! मग खाणवाल्यांची रीघ लागली. गावाच्या नावाचा अर्थही ‘गोऱ्या माणसाचं बीळ’ असा सांगतात. ते तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आलंय. खाणींचे खोल खड्डे जागोजागी उघडे आहेत. म्हणून पाट्या बजावतात, ‘उलट्या पावली चालू नका!’

आणि पाणी? जमिनीतलं खारं पाणी उपसून, यंत्राने गोडं करून पुरवावं लागतं. आता तुम्हीच सांगा, या गावाचं खरं रत्न कोणतं? ओपल की पाणी?