वामनाचे तिसरे पाऊल

लहानपणापासून माझे आणि वामनाचे कधी जमले नाही. बलिप्रतिपदेच्या दिवशी आजी ती कथा सांगू लागली, की मी बळीच्या बाजूने भांडायला उभा राहत असे. मागताना एवढासा बटू व्हायचे आणि मोजताना आभाळाएवढे व्हायचे, हा कुठला न्याय? आजीजवळ उत्तर नसे. ती हातावर करंजी ठेवी आणि माझी न्यायबुद्धी तेवढ्यावर शांत होई. पुढे मी कॉलेजात मराठी शिकवू लागलो, चाळिशी उलटली, तरी ती अढी मनातून गेली नाही. गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर ती पुन्हा वर आली. आणि तीही एका इस्पितळाच्या तळघरात.

झाले असे, की आमच्या हिच्या पोटाची सोनोग्राफी केली, तेव्हा यकृतावर एक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, "बहुधा काही नसेल, पण कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करून घ्या." 'बहुधा' या अव्ययाचा अर्थ मी इतकी वर्षे वर्गात सांगत आलो आहे, त्याचे वजन मला त्या दिवशी कळले. परतताना रिक्षात मी हिला म्हणालो, "काही नाही गं, साधा फोटो काढायचा आहे." ही "बरं" म्हणाली आणि वाटेत रिक्षा थांबवून तिने चकलीच्या भाजणीसाठी डाळी घेतल्या.

ठरल्या दिवशी तिथल्या नर्सने मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद पाहिला आणि माझ्यापुढे संमतिपत्र ठेवले. विद्यार्थ्यांना 'वाचल्यावाचून सही करू नका' असे बजावणारा मी, मुकाट्याने सही करून मोकळा झालो. त्या प्रचंड लोहचुंबकापाशी अंगावर धातू चालत नाही. हिने बांगड्या आणि मंगळसूत्र काढून माझ्या रुमालात ठेवले आणि ती आत गेली. रुमालाची ती पुरचुंडी हातात धरून मी बाकावर बसलो.

सोबत माझी भाची होती. ती औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. शांतता सोसेना म्हणून मी विचारले, "हे टोचतात तरी काय गं?"

"गॅडोलिनियम, मामा. एक धातू आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तो आसपासच्या पाण्याच्या कणांना चाळवतो, त्यामुळं चित्रात तो भाग उजळतो. मोकळा सोडला तर विषारी. म्हणून रेणूंच्या पिंजऱ्यात घालून देतात. अमेरिकेत असल्या पहिल्या औषधाला १९८८ साली मान्यता मिळाली."

"आणि तू प्रयोगशाळेत करतेस ते काय?"

"त्याचीच वाहनं. नॅनो वाहक."

शब्द पडला, की त्याचे मूळ खणल्यावाचून मला राहवत नाही. मी भ्रमणध्वनीवर कोश उघडला. 'नॅनो' म्हणजे ग्रीक भाषेत खुजा माणूस! मापनाच्या परिभाषेत हा उपसर्ग १९६० साली रूढ झाला. मीटरचे शंभर कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. वामनच हा! आणि भेटला तो पाताळात.

भाचीला माझा स्वभाव ठाऊक. तिने करंजीची उपमा काढली. गॅडोलिनियमचा एकेकटा रेणू रक्तात पांगून जातो; त्याने उजळणार ते किती? पण असे हजारो रेणू सारणासारखे एकाच पारीत भरले तर? इंग्लंडात केंब्रिजजवळ बॅब्रॅहम येथे अलेक बँगहॅम यांना ही पारी सापडली. १९६४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ती लाटावी लागत नाही. अंड्याच्या बलकातले लेसिथिन पाण्यात पडले, की त्याचे पापुद्रे आपणहून मिटून पोकळ गोळ्या होतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. शंभर नॅनोमीटरची करंजी घेतली, तर केसाच्या जाडीत अशा सात-आठशे शेजारी शेजारी बसतील. यकृतातल्या पहारेकऱ्यांनी वाटेत धरू नये म्हणून वरून पॉलिइथिलिन ग्लायकॉलची शाल पांघरायची, आणि गाठ ओळखणारी एखादी खूणही अंगावर डकवायची.

"लोखंडाच्या गंजाचे कणसुद्धा वापरले आहेत," ती म्हणाली. "१९९६ मध्ये यकृतासाठी मान्यता मिळाली होती, पुढं ते औषध बाजारातून गेलं. यकृतातल्या पहारेकरी पेशी ते कण गिळतात आणि तेवढा भाग चित्रात काळा पडतो. गाठीत त्या पेशी नसतात. ती उजळच राहते."

निरोगी ते काळे, आणि आजार तेवढा उजळ! दिवाळीच्या आधी ऐकावी अशी ही गोष्ट नव्हे. मी पुरचुंडी घट्ट धरली.

"मग तुझी करंजी हिला का नाही दिली?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, आत जाणं सोपं आहे. नीट पोचणं त्याहून अवघड. आणि सगळ्यांत अवघड बाहेर निघणं."

मग तिने थोरोट्रास्टची हकिगत सांगितली. १९३० च्या सुमारास थोरियम डायॉक्साइडचे असेच अतिसूक्ष्म कण रक्तात टोचू लागले. रोग्याला टोचताना त्रास नाही, आणि एक्स-रेचे चित्र असे सुरेख, की डॉक्टर खूष. फक्त ते कण बाहेर पडेनात. यकृत, प्लीहा आणि हाडांच्या मगजात ते बसून राहिले. थोरियम तर किरणोत्सर्गी. त्याचा निम्मा अंश सरायला चौदाशे कोटी वर्षे लागतात. वीस-तीस वर्षांनी त्यांपैकी कितीतरी माणसांना यकृताचा कर्करोग झाला.

ऐकता ऐकता मला कथेचा शेवट आठवला. बळीला पाताळात घातल्यावर वामन निघून गेला नाही. त्याच्याच दारी द्वारपाल होऊन राहिला. लहानपणी मला हे त्याचे औदार्य वाटे.

"अगं, पण आज देताहेत तो धातू तरी जातो ना?"

"जातो. छोटा रेणू आहे. मूत्रपिंडाच्या चाळणीतून पाच-सहा नॅनोमीटरपर्यंतचंच सुटतं. हा त्याहून लहान. मूत्रपिंडं चांगली असली, की एका दिवसात बहुतेक सगळा बाहेर पडतो." पण तिने काही लपवले नाही. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रोग्यांची कातडी कठीण होत गेली आणि त्याचा संबंध गॅडोलिनियमशी असल्याचे २००६ मध्ये ध्यानात आले. नर्सने तो कागद पाहिला तो यासाठीच. २०१४ मध्ये मेंदूतही त्याचा अंश मागे राहिलेला आढळला. पिंजरे आता अधिक पक्के झाले आहेत. पण करंजी मोठी; ती रक्तात रेंगाळते म्हणूनच गाठ हुडकू शकते, आणि रेंगाळते म्हणूनच अंगात फुटण्याची भीती. "तिला घरी परत कसं पाठवायचं, यातच आमची वर्षं जातात," भाची म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरांनी चित्रे दाखवली. औषध टोचल्यावर तो ठिपका कडेकडेने उजळला आणि मग सावकाश आतवर भरत गेला होता. ही भरण्याची रीतच त्याची ओळख. तो कर्करोग नव्हता. रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गुंता होता. हिने पुरचुंडी सोडून बांगड्या चढवल्या.

रात्री चष्मा शोधताना माझ्या हाती स्वयंपाकघरातली एक वही लागली. पहिल्या पानावर भाजणीचे प्रमाण. पुढे: कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात, दूधवाल्याचे कितवर फिटले, मुलीला ताप आला की तिला कोणत्या गोळीने पुरळ उठते. शाई ताजी होती. रिक्षातल्या माझ्या 'साध्या फोटो'वर हिने किती विश्वास ठेवला होता, ते मला कळले.

"हे फाडून टाकू या," मी म्हणालो.

"असू दे. कधीतरी लागेलच." मग करंजीची पारी लाटता लाटता तिने विचारले, "अहो, मला टोचलेलं ते औषध कुठंय आता?"

"चाललं असेल. उद्या या वेळेपर्यंत बहुतेक सगळं जाईल."

"शहाणा पाहुणा," ही म्हणाली, आणि तिने सारणाचे पातेले माझ्याकडे सरकवले.